टेप घेऊन दारात आलेलं ऑफिस: इंदुरात घराचा नक्शा पास करून घेण्याचा अनुभव

सेवा कोणती: जागेचं मोजमाप, घराचा नक्शा आणि नगर निगमात (म्हणजे महापालिकेत) भवन अनुज्ञेचा अर्ज. ठिकाण: इंदूर, लोकमान्य नगरच्या थोडं अलीकडे, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

ऑफिसचं नाव लिहीत नाही. चालवणाऱ्या दोघीच आहेत, एक आर्किटेक्ट आणि एक सिव्हिल इंजिनिअर. त्यांनीच मला सांगितलं, "ताई, नाव नका टाकू, हातातली कामंच आधी नीट पुरी करायची आहेत." पण गेल्या वर्षभरात आमच्या गल्लीतल्या आणि माझ्याकडे ब्लाउज टाकायला येणाऱ्या कितीतरी बायकांनी विचारलं, की तुमचा नक्शा पास कसा झाला, कुणाकडून केला, किती घेतले. प्रत्येकीला मशीन थांबवून सांगते. म्हणून आता एकदा सगळं लिहून काढते आहे. नाव नसलं तरी असं काम करणारी माणसं ओळखायची कशी, ते यातून कळेल.

पुण्या-मुंबईकडचे नातेवाईक "प्लॅन सँक्शन" म्हणतात. आमच्याकडे "नक्शा पास". कागदावर त्याचं नाव "भवन अनुज्ञा". गोष्ट एकच: स्वतःच्या जागेवर घर बांधायच्या आधी निगमाची लेखी परवानगी.

मी शिवणकाम करते. अठ्ठावीस वर्षं झाली. शिवलेली नऊवारी, ब्लाउज, लहान मुलींची परकर-पोलकी. अन्नपूर्णा मंदिराच्या बाजूच्या कॉलनीत सासऱ्यांनी 1978 साली बांधलेलं बैठं घर होतं, त्याच्या पुढच्या खोलीत माझी दोन मशीनं. घराच्या भिंतींना खालून ओल चढत होती, स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या होत्या. मुलाचं लग्न ठरलं आणि आमचे हे म्हणाले, आता डागडुजी पुरे, पाडून नवीन बांधू, खाली आपण, वर मुलगा-सून.

आधी चुकीच्या माणसाकडे गेलो. 2023 च्या दिवाळीनंतर ओळखीतल्या एकाने एका एजंटचा नंबर दिला. ना आर्किटेक्ट, ना इंजिनिअर. नुसता "सगळं करून देणारा". तो घरी आला, चहा घेतला, रजिस्ट्रीचे, म्हणजे खरेदीखताचे, फोटो मोबाइलवर काढले आणि म्हणाला, "हो जाएगा दीदी, आप तो बस बेफिक्र रहो." 22,000 रुपये घेतले. प्लॉट बघायला अंगणात पाऊलसुद्धा टाकलं नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. माझ्याकडे कुणी बाई नुसतं "छत्तीस नंबर" म्हणून कापड ठेवून गेली तर मी हात लावत नाही. छत्तीसच्या दोन बायकांचे मुंढे सारखे नसतात.

तीन आठवड्यांनी त्याने एक छापील नक्शा आणून दिला. खाली कुणा आर्किटेक्टचा शिक्का आणि सही. त्या आर्किटेक्टला आम्ही कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी आमचं घर पाहिलं नव्हतं. नक्शावर पुढच्या बाजूला "गॅरेज" लिहिलेलं. मी म्हटलं, आमच्याकडे तर एक स्कूटर आहे, गॅरेज कशाला? तर म्हणाला, हे तुमच्या शिलाईच्या दुकानासाठी. कागदावर गॅरेज, बांधताना शटर. सगळे असंच करतात.

तेव्हा मला ती युक्ती वाटली. खोटं कशाला सांगू, बरंच वाटलं होतं. शटर असलेलं, रस्त्याला लागून, पाटी असलेलं दुकान, हे माझं वीस वर्षांचं मनातलं चित्र.

मग संक्रांत गेली, होळी आली. अर्ज भरला का विचारलं की "हो". नंबर मागितला की "भेजता हूं". आम्हाला नंतर कळलं की मध्य प्रदेशात नक्शाचा अर्ज ऑनलाइन जातो. त्या व्यवस्थेला एबीपास म्हणतात. परवाना असलेल्या आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या लॉगिनमधून ड्रॉइंग चढवावं लागतं आणि चढवलं की अर्जाला नंबर पडतो. ज्याच्या अर्जाला नंबर नाही, त्याचा अर्ज नाही. आमचा नव्हता. चार महिने आम्ही नसलेल्या अर्जाच्या मंजुरीची वाट बघत होतो. दिलेल्या 22,000 पैकी 5,000 परत आले, बाकीचे गेले ते गेले. पैशांपेक्षा मला त्या चार महिन्यांचं वाईट वाटतं. तो उन्हाळा आणि त्याच्या पुढचा पावसाळा आम्ही त्याच ओलीत काढला, आणि सासूबाईंचा दमा त्या ओलीत वाढला.

एप्रिलमध्ये माझ्या एका जुन्या ग्राहक बाईंनी या दोघींचं ऑफिस सांगितलं. त्यांच्याच बहिणीच्या घराचा नक्शा इथे झाला होता. जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालून फोन करावा, त्या खाली येतात. माझ्या सासूबाईंसाठी त्या दोनदा खाली आल्या, रिक्षात बसल्या बसल्या सह्या घेतल्या.

पहिल्याच भेटीत आर्किटेक्ट ताईंनी तीन गोष्टी केल्या. आपला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक स्वतःहून लिहून दिला आणि म्हणाल्या, हा कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासून घ्या. हा क्रमांक "सीए" अक्षरांनी सुरू होतो, पुढे नोंदणीचं वर्ष असतं. 1972 च्या कायद्याप्रमाणे हा क्रमांक असल्याशिवाय कुणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. दुसरं, फी कागदावर लिहून दिली: एकूण 40,000, त्यातले 10,000 मोजमापाच्या दिवशी, 20,000 अर्ज चढवून नंबर आमच्या हातात दिल्यावर, 10,000 मंजुरी आल्यावर. निगमाची फी वेगळी, ती आम्हीच ऑनलाइन भरायची, त्यांच्या हातात रोख द्यायची नाही. आणि तिसरं, मी रजिस्ट्री पुढे केली तर त्यांनी ती मिटून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "ही नंतर वाचू. रविवारी सकाळी सात वाजता येतो, ऊन चढायच्या आत."

ती रविवारची सकाळ सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होत नाही.

दोघी सातला पाच मिनिटं असताना आल्या. सोबत तीस मीटरचा टेप, दोऱ्याचा गुंडा, लेसरचं छोटं यंत्र आणि एक वही. लेसर असूनही त्यांनी टेप धरला. इंजिनिअर ताई म्हणाल्या, लेसर भिंतीवर आपटून माप देतो, भिंतीच्या पायथ्याशी काय आहे ते सांगत नाही. समोरची रुंदी मोजली: 30 फूट, बरोबर. मग मागे गेल्या. मागच्या बाजूला शेजारच्या काकांची भिंत आहे, तिच्या कडेला आमचा पारिजातक. पारिजातकाच्या मागे टेप सरकत नव्हता, तर आर्किटेक्ट ताई चप्पल काढून त्या मातीत गुडघ्यावर बसल्या आणि टेपचं टोक बुंध्यामागून हाताने ओढून घेतलं. 29 फूट 5 इंच. पुन्हा मोजलं. 29 फूट 5 इंच. सात इंच कमी.

मी कपड्याचं माप घेताना जे करते तेच त्या करत होत्या: आकडा मोठ्याने म्हणायचा, दुसरीने तो परत म्हणायचा, मगच लिहायचा. ते बघून माझ्या मनातली अर्धी शंका तिथेच गेली.

सात इंच म्हटल्यावर आमच्या ह्यांचा चेहरा बदलला. शेजारचे काका दात घासत गच्चीवर उभे होते, त्यांनीही ऐकलं. चाळीस वर्षांचा शेजार, तोंडातून एक शब्द वाकडा गेला असता तर संपलं असतं. ताई वर बघून म्हणाल्या, "काका, तुमची भिंत आहे तिथेच राहू द्या. आम्ही आमचा नक्शा आतून घेतो." मग आम्हाला हळू आवाजात समजावलं: रजिस्ट्रीत जास्त आणि जागेवर कमी असेल तर जागेवरचं धरायचं, जागेवर जास्त आणि रजिस्ट्रीत कमी असेल तर रजिस्ट्रीचं. दोन्हींत जे कमी असेल ते. भवन निरीक्षक जागेवर येऊन टेप लावतात तेव्हा जे माप निघेल, तेच नक्शात असलं पाहिजे. नाहीतर सात इंचांसाठी अख्खा अर्ज मागे येतो.

रजिस्ट्रीत 1,500 चौरस फूट, जागेवर 1,485. म्हणजे 138 चौरस मीटर. निगमाचं सगळं काम मीटरमध्ये चालतं. मी इंचवाली बाई, मला त्यांनी मीटरमधला आकडा आणि शेजारी फूट-इंच, असे दोन्ही लिहून दिले. मी न मागता.

आता एमओएस. इंदुरात घर बांधणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी हा शब्द असतो आणि फार थोड्यांना त्याचा अर्थ ठाऊक असतो. मार्जिनल ओपन स्पेस. प्लॉटच्या कडेने मोकळी सोडायची जागा. मार्जिन म्हटल्यावर मला लगेच उमगलं. शिवणीत आपण मार्जिन ठेवतो ते पुढे कपडा उसवून मोठा करता यावा म्हणून. इथे मार्जिन ठेवायचं ते वारा-उजेड खेळावा, आग लागली तर माणूस कडेने जाऊ शकावा आणि शेजाऱ्याची ओल आपल्या भिंतीत उतरू नये म्हणून. किती सोडायचं हे प्लॉटच्या आकारावर ठरतं, आणि ते नियम मध्य प्रदेश भूमि विकास नियम, 2012 मध्ये आहेत. आमच्या नक्शात समोर 3 मीटर आलं. नक्शाची प्रत 1:100 ला छापलेली होती, म्हणजे कागदावरचा 1 सेंटीमीटर जमिनीवरचा 1 मीटर. मी घरी येऊन माझा शिलाईचा टेप त्या कागदावर लावला. समोरची पट्टी बरोबर 3 सेंटीमीटर. एजंटने आणलेल्या कागदाला लावला तर तिथे अडीचसुद्धा भरेना, आणि वर अक्षरात मात्र "3 मी." लिहिलेलं. तो कागद मी फाडला नाही. कपाटात ठेवला आहे, विचारायला येणाऱ्यांना दाखवते.

शटरचं बोलणं मीच काढलं. मनात होतंच ते. ताईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचा प्लॉट शहराच्या विकास योजनेत रहिवासी आहे. गॅरेज लिहून शटर लावणं मी करणार नाही. तुमच्याकडे नक्शा एक आणि घर दुसरं असं होईल. बँकेचा इंजिनिअर येईल, पुढे पूर्णतेचा दाखला घ्यायचा असेल, उद्या मुलांना घर विकायचं असेल, दर वेळी हाच कागद समोर ठेवावा लागेल. आणि त्यावर माझी सही असेल."

मी दोन दिवस त्यांच्यावर रागावले होते. खरंच. मला वाटलं, यांना काय कळणार, दुकान असण्याचा अर्थ. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. म्हणाल्या, तुम्ही दिवसभर कोणत्या उजेडात बसता? मी म्हटलं, दारातल्या, पश्चिमेच्या. दुपारनंतर डोळ्यांत ऊन येतं, रंगाला रंग लावताना फसगत होते, दोरा फिका निघतो. तर त्यांनी दिवाणखान्याला लागून दहा बाय अकराची खोली काढली, उत्तरेला रुंद खिडकी, खिडकीची बैठक माझ्या मशीनच्या उंचीला. दार घराच्याच आत. ना शटर, ना पाटी. घरात बसून शिवणारी बाई जशी शिवते, तसं. सीतलामाता बाजारातून अस्तर आणलं की मी आता त्या खिडकीपाशी धरून बघते, दिवसभर रंग तसाच दिसतो. नक्शात त्या खोलीवर काय लिहू असं त्यांनी मला विचारलं, मी म्हटलं "खोली" लिहा. त्यांनी तेच लिहिलं.

मधला एक मोठा अडसर आमचाच होता, तो सांगते, कारण जुन्या घरांत हा जवळजवळ सगळीकडे आहे. रजिस्ट्री सासऱ्यांच्या नावावर. सासरे 2011 मध्ये गेले. मालमत्ता कराचं खातं तेरा वर्षं त्यांच्याच नावाने चाललं होतं, आम्ही दरवर्षी कर भरून पावती फाइलला लावत होतो आणि निश्चिंत होतो. ताईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, गेलेल्या माणसाच्या नावाने परवानगी मागता येत नाही, आधी नामांतरण, म्हणजे कागदोपत्री वारसांचं नाव चढवणं. त्यासाठी सासूबाई, आमचे हे आणि पुण्याची नणंद, तिघांचे कागद लागले. नणंदबाईंनी हक्कत्यागावर सही करायला स्वतः यायचं ठरवलं. रजिस्ट्रार ऑफिसमधून बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "वहिनी, वर माझ्यासाठी एक खिडकी ठेवा, माहेरी आले की बसायला." ती ठेवली आहे. यात जुलै उजाडला. ताईंनी या तीन महिन्यांची वेगळी फी लावली नाही, कोणता कागद कुठे लागतो त्याची यादी मात्र हाताने लिहून दिली. नक्शा काढायच्या आधी तुमच्या घरच्या कराच्या पावतीवर कुणाचं नाव आहे ते आजच बघा.

अर्ज चढायच्या आधी त्यांनी आम्हा सगळ्यांना नक्शा समजावून सांगायला घरी बैठक घेतली. हे कुणीच करत नाही असं ऐकलं. जमिनीवर सतरंजी टाकून त्यावर मोठा कागद पसरला. पाडायचं काम पिवळ्या रेघांनी, नवीन काम लाल रंगाने, सांडपाण्याची लाइन लाल टिंबांनी. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत, चष्मा लावून वाकून बघत होत्या. त्यांनी पिवळ्या रेघांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय?" ताई म्हणाल्या, "आजी, हे तुमचं आत्ताचं स्वयंपाकघर. हे निघणार." सासूबाई काही वेळ बोलल्या नाहीत. छेचाळीस वर्षं त्या ओट्याशी उभ्या राहिल्या आहेत. मग म्हणाल्या, "आणि न्हाणीतला दगड?" कपडे धुवायचा काळा दगड, सासऱ्यांनी महेश्वरहून आणलेला. ताईंनी पेन्सिल काढून मागच्या मोकळ्या जागेत, पारिजातकाशेजारी, एक छोटा चौकोन काढला. म्हणाल्या, "याला परवानगी लागत नाही आजी. पण गवंड्याला कळायला हवं, म्हणून लिहून ठेवते." तो दगड आज तिथेच आहे.

त्याच बैठकीत पाण्याचं बोलणं झालं. आमच्याकडे 140 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला छतावरचं पाणी जिरवायची व्यवस्था सक्तीची आहे, त्यासाठी अनामत रक्कम भरावी लागते, काम केलं की परत मिळते. आमचा प्लॉट 138. आमचे हे म्हणाले, दोन मीटरने सुटलो. इंजिनिअर ताई म्हणाल्या, नियमातून सुटलात, पण बोअर तर तुमचीच आहे ना काका. मग हिशोब सांगितला: 100 चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की 100 लिटर पाणी. एका चांगल्या सरीत पंचवीस-तीस मिलिमीटर सहज पडतो. आमची बोअर मे महिन्यात हवा ओढते. आम्ही खड्डा करून घेतला. गिट्टी, रेती, आणि बोअरशेजारी फिल्टर.

अर्ज ऑगस्टच्या सुरुवातीला चढला आणि त्याच संध्याकाळी नंबर माझ्या मोबाइलवर. मी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. ड्रॉइंग चढलं की आधी सॉफ्टवेअरच नियमांशी ताडून बघतं: मोकळी जागा किती, बांधकाम किती, उंची किती. त्याचा अहवाल निघतो, तो त्यांनी आम्हाला छापून दिला. मग जागेची पाहणी. एक आक्षेप आला, पुढच्या सज्जाचं माप दोन ठिकाणी वेगळं पडलं होतं. ही चूक ऑफिसची होती, आणि आर्किटेक्ट ताईंनी फोन करून पहिलं वाक्य हेच म्हटलं, "ताई, माझ्याकडून चूक झाली, दोन दिवसांत दुरुस्त करून चढवते." दुसऱ्याच दिवशी चढवलं. फीचा आकडा ऑनलाइन आला, त्यात कामगार कल्याणाचा उपकरही होता, बांधकाम खर्चाच्या 1 टक्का. स्वतःच्या राहत्या घराचा खर्च 10 लाखांच्या आत असेल तर तेव्हा तो लागत नव्हता, आमचा त्याच्या वर होता. भरला. पावती मिळाली. सप्टेंबरमध्ये मंजुरी आली.

अर्धा तारा कशाचा कापला तेही सांगते. फोन सहज उचलत नाहीत, संध्याकाळी सहानंतर तर नाहीच. छपाई आणि जास्तीच्या प्रतींचे 1,800 रुपये वेगळे लागले, हे फीच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. आधी सांगितलं असतं तर काहीच वाटलं नसतं. आणि रोजची देखरेख त्या करत नाहीत, ठेकेदार तुमचा तुम्हीच सांभाळायचा. ज्यांना सगळं एका हाती हवं आहे त्यांनी दुसरीकडे बघावं.

त्यांच्या ऑफिसात बसून राहावं लागायचं तेव्हा भिंतीवर इंदूरचा एक जुना नकाशा दिसायचा. विचारलं तर ताई खुलून बोलल्या. पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इंदुरात आला होता, 1918 मध्ये त्याने शहराचा अहवाल दोन खंडांत दिला. कागद पुढे ओढण्याआधी तो गल्लीबोळांतून पायी हिंडला. तेव्हा प्लेगची भीती होती, तर दिवाळीत त्याने शहरभर मिरवणूक काढवली, तिच्यात उंदराची मोठी प्रतिकृती होती, आणि ज्या आळ्यांतून घरं झाडून-पुसून दुरुस्त केली त्याच आळ्यांतून मिरवणूक जाईल असं जाहीर केलं. लोकांनी आपापली दारं रंगवली. ताई म्हणाल्या, आम्हाला कॉलेजात हे शिकवलं, तेव्हापासून मी न बघितलेल्या जागेचा नक्शा काढत नाही. हे ऐकून मला त्या चप्पल काढून पारिजातकामागे बसल्या होत्या ती सकाळ आठवली.

दसऱ्यानंतर काम सुरू केलं. आमच्याकडे काळी माती, पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते, जुन्या घराच्या भिंती त्यानेच तडकल्या होत्या. पाया काळ्या मातीच्या खाली मुरुमापर्यंत न्यायचा हे इंजिनिअर ताईंनी नक्शावरच लिहून ठेवलं होतं. ठेकेदार कुरकुरला, खोदकाम वाढलं. पण कागद मंजूर होता, त्याला तो दाखवला.

एक फेरी मात्र त्यांच्या फीमध्येच धरलेली होती: प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, आधी येऊन आखणी तपासायची. नोव्हेंबरातली सकाळ होती, चुन्याच्या रेघा ओढलेल्या, कोपऱ्यांवर खुंट्या, दोरी ताणलेली, काँक्रीट दुपारी यायचं होतं. इंजिनिअर ताईंनी समोरच्या हद्दीपासून दोरीपर्यंत टेप लावला. मी दुसरं टोक धरलं होतं. 2 मीटर 90. दहा सेंटीमीटर, म्हणजे चार इंच, घर पुढे सरकलं होतं. गवंडी म्हणाला, चार इंचाने काय होतं. ताई काही बोलल्या नाहीत. वाकून खुंटी उपटली, मागे घेतली, पुन्हा ठोकली, आणि दोरी बांधून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ताई, आता तुम्ही वाचा."

3 मीटर. मी मोठ्याने वाचलं, त्यांनी परत म्हटलं, आणि वहीत लिहिलं.